कांद्याचा तिखटपणा कोठून येतो?

(चाकण भागातील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कांदा हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी भाव पडलेल्या दिवशी येथल्या महात्मा फुले बाजारात एक फेरी मारावी. ज्या घरात मुलीचे लग्न, मुलाची फी आणि सोसायटीचा हप्ता ही तिन्ही कामे एका चाळीतल्या कांद्यावर टांगलेली असतात, त्या घराला कांद्याहून गंभीर विषय दुसरा नाही. बाजारभाव आपल्या हाती नाही, हे खरे. पण कांदा चाळीत टिकेल की पाझरेल, तिखट निघेल की पाणचट, आणि तो पिकविण्यासाठी किती पोती खत विकत घ्यावे लागेल, या गोष्टी पुष्कळ अंशी आपल्याच जमिनीत ठरतात. त्या कशा ठरतात एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

गावोगाव तीन तक्रारी ऐकू येतात. पहिली, पूर्वी जेवढ्या खतात पीक येत होते तेवढ्यात आता येत नाही. दुसरी, कांदा दिसावयास मोठा निघतो पण चाळीत सडतो. तिसरी तक्रार बायका करतात: कांद्याला चव राहिली नाही, बुक्कीने फोडला तरी डोळ्याला पाणी येत नाही. यावर कोणी म्हणतो कलियुग आले, कोणी म्हणतो कंपन्यांच्या धुराने झाले, कोणी म्हणतो बियाणेच बाटले. कलियुगाचा विचार आम्ही सोडून देतो. त्याची दक्षिणा आपल्या वाडवडिलांनी पूर्वीच पुष्कळ देऊन ठेवली आहे. बाकीच्यांत थोडेफार तथ्य असेलही. पण खरे कारण पायाखाली आहे, आणि तिकडे पाहण्याची सवय आपल्याला कोणी लावली नाही.

प्रथम तिखटपणाचे पाहू. अखंड कांदा नाकाशी धरा; वास जवळजवळ येत नाही. कापला की येतो. याचे कारण असे की, कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका खणात असते आणि त्याचे रूपांतर करणारे विकर दुसऱ्या खणात. सुरीने मधली भिंत मोडली की दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ तयार होते. फिनलंडातील विर्तानेन या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ साली या वाफेचे मूळ द्रव्य कांद्यातून वेगळे काढले. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखविले की, डोळ्यांत पाणी आणणारी वाफ करण्यासाठी कांद्यात आणखी एक निराळेच विकर आहे. हे सगळे द्रव्य गंधकावाचून होत नाही, आणि कांदा गंधक आणतो तो जमिनीतून. म्हणजे तुमच्या भाकरीबरोबरचा तिखटपणा हा जमिनीतला गंधक आहे.

याचा उलटा दाखला अमेरिकेत आहे. जॉर्जिया प्रांतात मोझेस कोलमन नावाच्या शेतकऱ्याने १९३१ साली कांदा लावला, तर तो तिखट होण्याऐवजी गोड निघाला. पुढे उलगडा झाला की, त्या भागाच्या रेताड जमिनीत गंधक फारच थोडा आहे. तेथल्या शेतकऱ्यांनी रडत न बसता त्या उणिवेचाच व्यापार केला. त्या ‘व्हिडेलिया’ कांद्याच्या नावाला १९८६ साली कायद्याचे संरक्षणही मिळविले. पण असा गोड, पाणीदार कांदा फार दिवस टिकत नाही. आपला शेतकरी रब्बीचा गरवा कांदा चैत्रात काढून चार-पाच महिने चाळीत ठेवतो आणि भावाची वाट पाहतो. त्याला गोड कांदा परवडणारा नाही. अर्थात चव काही एकट्या गंधकावर ठरत नाही. जात, उन्हाचा ताप आणि शेवटचे पाणी यांचाही तीत वाटा असतो. फुरसुंगी कांदा आणि पावसाळी हळवा कांदा एका वाफ्यात लावले तरी चवीला एक होणार नाहीत.

मग आपल्या जमिनीतला गंधक गेला कोठे? तो पिकाने नेला, आणि आपण परत दिला नाही. पूर्वी शेतकरी सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट वापरीत. सुपर फॉस्फेटात स्फुरद शेकडा १६ आणि गंधक सुमारे ११. अमोनियम सल्फेटात गंधक शेकडा २३-२४. पुढे युरिया आणि डीएपी आले. पोती कमी, गाडीभाडे कमी, पीक लवकर हिरवे! पण या दोन्हींत गंधकाचा कण नाही. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असतो. तेवढा स्फुरद सुपर फॉस्फेटाने द्यावयाचा तर जवळजवळ तीन पोती लागतात, आणि त्या तीन पोत्यांबरोबर सोळा किलोच्या आसपास गंधक फुकट शेतात पडतो. हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. गंधकाची भुकटी वेगळी विकत घेतलीत तरी मूळ ती थेट पीत नाही. जमिनीतले जिवाणू आधी तिचे सल्फेट करतात, मग ती पिकाला लागते. म्हणून ती लावणीच्या आधी काही आठवडे टाकावी लागते, आणि ज्या जमिनीत हे जिवाणू उपाशी मेले तेथे ती तशीच पडून राहते.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. वाफ्यातला एक कांदा हलकेच मातीसकट काढून त्याची मुळे धुऊन पाहा. ज्वारीच्या मुळाला किती फाटे आणि किती बारीक लव असते! कांद्याची मुळे पांढरी, शेवयांसारखी, क्वचितच फाटा फुटलेली, लव जवळजवळ नसलेली, आणि बहुतेक वरच्या वीतभर मातीतच. अशा मुळाने पोट कसे भरावे? नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतो, पण स्फुरद जागचा हलत नाही. तो मातीला चिकटतो. चुनखडीच्या जमिनीत तर चुन्याशी बांधला जातो. मुळाने आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरातला स्फुरद खाल्ला की पुढचा त्याच्या दारी येत नाही.

येथे कांद्याला एक सोबती मिळतो. जमिनीत एक बुरशी आहे. तिचे तंतू माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. ते मुळाच्या आत शिरून पेशीत झुडपासारखे फांदतात आणि दुसऱ्या टोकाने मातीत कित्येक सेंटिमीटर लांब पसरतात. जेथे मूळ शिरू शकत नाही अशा कणांच्या फटीत ते जातात, तेथला स्फुरद, जस्त, थोडाफार गंधक उचलतात आणि मुळाला आणून देतात. मोबदल्यात झाड आपण उन्हात तयार केलेल्या साखरेतून व स्निग्धांशातून शेकडा ४ ते २० इतका वाटा त्यांना देते. गावच्या बलुत्यासारखाच हा व्यवहार; फरक इतकाच की, यात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही आणि कोणाची सावली कोणाला बाटवीत नाही.

अशा मुळाला ‘मायकोरायझा’ म्हणजे बुरशी-मूळ हे नाव फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली दिले. व्यवहार मात्र फार जुना आहे. स्कॉटलंडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगड झालेल्या वनस्पतींतही हे तंतू सापडले आहेत. इंग्लंडात सँडर्स आणि टिंकर यांनी १९७१ साली कांद्याच्याच रोपांवर प्रयोग करून दाखविले की, बुरशीची जोड असलेली मुळे बिनजोड मुळांहून पुष्कळ अधिक वेगाने स्फुरद घेतात. जगातल्या शास्त्रज्ञांनी या कामासाठी वारंवार कांदाच निवडला, कारण या तंतूंवर इतके अवलंबून असलेले पीक क्वचित सापडते.

बुरशी म्हटली की आपल्याला करपा, बुंधासड, चाळीतली काळी भुकटी एवढेच आठवते. ते शत्रू आहेत यात शंका नाही. पण सगळीच बुरशी वैरी नव्हे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो पेनिसिलिनसाठी, म्हणजे बुरशीच्याच औषधासाठी. त्याच कारखान्यातील शास्त्रज्ञांनी मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीनाशके शोधली. हॅमायसिन देणाऱ्या जीवाला तर शास्त्राच्या पुस्तकात पिंपरीचेच नाव आहे. ज्या पट्ट्याची ओळख आज मोटारी आणि यंत्रे अशी झाली आहे, त्याच्या मातीकडे शास्त्राने आदराने पाहिले होते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

या तंतूंचे महत्त्व आपल्या देशात मोठ्या आवाजात सांगणारा पहिला माणूस बहुधा सर आल्बर्ट हॉवर्ड. १९२४ ते १९३१ या काळात तो इंदुरास होता आणि तेथे त्याने कंपोस्टाची पद्धत बसविली. १९४० च्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले की, पिकाचा कस आणि चव या बुरशीशी बांधलेली आहे. मुळे बुरशीला पचवून खातात असा त्याचा तर्क होता. पुढच्या मोजमापात मुख्य देवघेव स्फुरदाची आणि साखरेची निघाली. पण एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे कबूल केली. हिंदुस्थानचे शेतकरी आपले गुरू, असे तो सांगत असे. इतके स्वच्छपणे आपल्याकडच्या किती शिकलेल्या लोकांनी कुणब्याला गुरू म्हटले, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

त्याच्याही आधी, १८८३ साली, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या किड्यामुंग्यांचा आणि जनावरांचा कस पावसाने धुपून नदीला जातो, तो शेतात अडवावा, त्यासाठी सरकारने तालीबंधारे बांधावे, असे त्यांनी सांगितले. जंगलखात्याने चराऊ रान बंद केल्याने गुरे घटली आणि शेतकऱ्याची ओढगस्त वाढली, हेही त्यांनी मांडले. तंतूंची गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण जमिनीचा कस कशात असतो हे माळ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्या नावाच्या बाजारात आपण कांदा विकतो आणि त्यांनी सांगितलेला कस मात्र ओढ्याला सोडतो.

हे तंतू आपण कसे मारतो ते ऐका. पहिला मार्ग डीएपीचा. स्फुरद भरपूर झाला की झाड स्वतःच बुरशीला दार लावते. जे आयते मिळते त्यासाठी साखर कोण मोजील? मग दरवर्षी तंतू कमी, म्हणून खत जास्त, आणि खत जास्त म्हणून तंतू आणखी कमी. सावकाराच्या वहीत व्याज चढावे तसे हे चालते. आणि हे खत तरी आपल्या देशात पुरेसे कोठे होते? त्याचा दगड मोरोक्को, जॉर्डनकडून येतो. डीएपीही जहाजाने येते. जगात कोठे लढाई झाली की चाकणच्या दुकानात पोते मिळत नाही.

दुसरा मार्ग रोटाव्हेटरचा. आमच्या लोहार-सुतार बंधूंनी घडविलेला कुळव वरची माती हलवीत असे. रोटाव्हेटर एका हंगामात तीन-चार वेळा फिरला की मातीतले जाळे पिठासारखे होते आणि नव्या रोपाला तयार जाळे सापडत नाही. यंत्राला आमचा विरोध नाही, पण दळण किती बारीक करावयाचे याला काही मर्यादा असावी.

तिसरा मार्ग फेरपालटाचा. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही भावंडे आणि पालक, बीट ही दुसरी भावंडे या बुरशीशी सोयरीक करीतच नाहीत. कोबीमागून लगेच कांदा लावला की त्याला तंतू कमी सापडतात. मका, बाजरी, भुईमूग, घेवडा यांच्या मागून लावला तर पुष्कळ सापडतात. मावळात आणि खेडच्या पश्चिमेला भाताची खाचरे महिनोगणती पाण्याखाली राहतात. तेथेही जाळे दुबळे होते, म्हणून भातामागच्या कांद्याची सुरुवात रेंगाळली तर नवल नाही. बटाट्यालाही हे तंतू लागतात, तेव्हा खेड-आंबेगावच्या बटाटेवाल्यांनीही हे ऐकून ठेवावे. कार्बेन्डाझिमसारखे औषध मुळाशी ओतले तर शत्रूबरोबर मित्रही जातो. करपा पानावर असता औषध जमिनीत ओतणारे आम्ही पाहिले आहेत.

चौथा मार्ग या पट्ट्याचा खास आहे. चाकणला औद्योगिक वसाहत आली, इमारती उठल्या, आणि पायाची माती ट्रकने बाहेर पडू लागली. ती स्वस्त मिळते म्हणून शेतकरी वावरात पसरतो. आठ-दहा हात खालची ही माती दिसावयास काळीभोर असली तरी तिच्यात मुळे कधी गेलेली नसतात, म्हणून तंतूही नसतात आणि सेंद्रिय कसही नसतो. तिच्यावर लावलेला कांदा पिवळा पडून उभा राहिला की मालक युरियाचे पोते फोडतो. उलट काही जण आपल्या वावराची वरची वीतभर माती विकतात. बंधूंनो, जमीन विकणारा निदान खरेदीखत करून विकतो. हा सौदा तर कागदाशिवाय होतो आणि त्यात जमिनीचा जीवच जातो. हजार रुपयांच्या ब्रासमध्ये काय गेले याचा हिशेब घरच्या बाईला विचारा, तिला पुढची दहा वर्षे तेथेच खुरपावयाचे असते.

आता बाटलीवाल्यांविषयी. मायकोरायझाचे नाव बाजारात पोहोचले आहे आणि पुड्या-बाटल्या घेऊन माणसे दारोदार फिरतात. त्यांतल्या काही चांगल्याही आहेत. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही. ट्रायकोडर्मा मेलेल्या काडीकचऱ्यावरही वाढते, ही वाढत नाही. म्हणून पिंपात गूळ, बेसन आणि ताक घालून एका पुडीची दोनशे लिटर मायकोरायझा होते असे जो सांगेल तो एकतर अडाणी आहे, नाहीतर लबाड. पुडीवर एका ग्रॅममध्ये जिवंत बीजाणू किती, बनविल्याची तारीख कोणती, मुदत केव्हा संपते हे छापलेले पाहा. खत नियंत्रण आदेशात या खताचा समावेश आहे, तेव्हा पावती मागणे हा आपला हक्क आहे. देव आणि भक्त यांमध्ये दलाल नको हे सत्यशोधकांनी १८७३ पासून शिकविले. शेतकरी आणि त्याची माती यांमध्ये नवा दलाल बसविण्याचे मग काय कारण?

हे तंतू घरी वाढविता येतात. बांधाजवळ एक लहान चर खणा. ज्या शेतात मका किंवा कांदा निरोगी येतो तेथली मुळांसकट माती आणि तितकीच वाळू त्यात भरा. ज्या वावरात बुंधासड किंवा सूत्रकृमी आहे तेथली माती मुळीच घेऊ नका, कारण रोगही तेथूनच येईल. त्यात मका दाट पेरा, रासायनिक खत देऊ नका, तीन महिने वाढू द्या. मग दहा दिवस पाणी तोडून वरचा मका गुरांना घाला, आणि खालची मुळे बारीक चिरून मातीसकट कांद्याच्या गादीवाफ्यात बियाण्याच्या खाली पसरा. मूळ फुटताच तंतू भेटला पाहिजे. पात हातभर झाल्यावर भेटून फारसा उपयोग नाही.

शेणखत, कंपोस्ट, तेल्याच्या घाण्याची पेंड ही घालावी. त्यांतून गंधकही येतो. युरिया लावणीपासून दोन महिन्यांच्या आत संपवावा. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, माना पडत नाहीत, आणि त्याच जाड मानेतून चाळीत सड शिरते. शेवटचे दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. वजनाच्या लोभाने दिलेले ते पाणी चवही पातळ करते.

पण या सगळ्याआधी माती तपासा. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे. तीत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये अशा १२ गोष्टी मोजतात. स्फुरदापुढे ‘जास्त’ आणि गंधकापुढे ‘कमी’ असे लिहिलेले असेल तर त्या वर्षी डीएपीचे पोते दुकानातच राहू द्या आणि पैसा गंधकावर घाला. राजगुरुनगरास, म्हणजे आपल्या खेडास, १९९८ पासून कांदा-लसणाचे संशोधन केंद्र आहे. ‘भीमा’ नावाच्या जाती तेथल्याच. चाकणहून ते चार कोसांवर आहे, आणि आपल्या करातून चालते. तेथे जाऊन प्रश्न विचारण्यास संकोच कसला?

आपल्या जमिनीत तंतू जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्याचा एक स्वस्त उपाय सांगतो. कुंभारदादाकडून तीन सारख्या कुंड्या आणा. पहिलीत वावरातली माती तशीच भरा. दुसरीत तीच माती हंड्यात तासभर वाफवून, निववून, आठवडाभर उघडी ठेवून भरा. तिसरीत वाफवलेलीच माती, पण तिच्यात दोन मुठी कच्ची माती मिसळून. तिन्हींत एकाच वाफ्यातली, एकाच उंचीची पाच-पाच रोपे लावा, पाणी सारखे द्या, खत कोणालाच नको. दीड-दोन महिन्यांनी पाहा. दुसऱ्या कुंडीतली रोपे खुरटली आणि तिसरीतली पहिलीच्या बरोबरीने चालली, तर तुमच्या दोन मुठी मातीत जीव आहे. तिन्ही सारखीच जोमदार असतील तर जमिनीत स्फुरद इतका साठला आहे की कांद्याला तंतूंची गरजच भासत नाही. पत्रिकेतला आकडा ताडून पाहा आणि खत आवरा. तिन्ही सारखीच खुरटी असतील तर मात्र मक्याची चर खणावी लागेल. रब्बीचे बी आश्विन-कार्तिकात पडते आणि चरीला तीन महिने लागतात, तेव्हा कुंड्या वैशाखात मांडाव्या. उन्हाळ्यात त्या झाडाखाली ठेवा आणि शेळ्यांपासून जपा.